मैनाबाईंच्या बरणीतले चिंचोके

चांगदेव गुरुजींच्या नजरेत मैना पहिल्यांदा भरली ती एका पोराच्या नाकामुळे.

एकोणीस वर्षं झाली त्याला. गुरुजी तेव्हा नोकरीत होते, गावातल्या चौथीपर्यंतच्या शाळेत. शाळेच्या कुंपणाला लागून अंगणवाडीची एक खोली होती, वर पत्रा आणि पुढे ओटा. तिथे नवी मदतनीस आली आहे एवढंच त्यांना ठाऊक होतं. पडघ्याच्याही आतल्या गावची, दहावी झालेली, भिवंडीत लूमवर शिफ्टला जाणाऱ्या अनंताची बायको. त्या दिवशी साडेअकराच्या उन्हात ओट्याखाली पोरांची रांग उभी होती आणि ही बाई त्यांना आत सोडत नव्हती.

गुरुजी कुंपणापाशी गेले. "काय झालं? पोरं तापली की."

"एक चिंचोका कमी हाय, गुरुजी."

तिची रीत अशी होती. पोरांना तळ्यावर म्हशी बघायला न्यायचं झालं की निघताना प्रत्येकाच्या मुठीत एक चिंचोका द्यायचा. परत आल्यावर ज्याने त्याने आपला चिंचोका बरणीत टाकायचा आणि मग आत जायचं. गोदामांचे कंटेनर नुकतेच गावच्या रस्त्याला लागले होते, तेव्हापासून तिने ही रीत काढली होती. त्या दिवशी बरणीत एकवीस पडले होते. निघाले होते बावीस.

"अगं, पोरं तर बावीस दिसतात," गुरुजींनी बोटाने मोजून सांगितलं.

"दिसत्यात. पन एकाचा चिंचोका न्हाय. वाटेत टाकला असंल तर टाकू दे, पन कुनी टाकला ते मला कळाया पायजे."

ती एकेकाची मूठ उघडत गेली. शेवटी लडकूपाशी आली. लडकू तोंडाने श्वास घेत होता. तिने त्याची हनुवटी वर केली, नाकात डोकावून पाहिलं आणि गुरुजींकडे वळली. गुरुजी तेव्हा तपकीर ओढायचे. त्यांनी एक चिमूट लडकूच्या नाकाशी धरली, दुसरी नाकपुडी दाबली. तिसऱ्या शिंकेला चिंचोका मैनाच्या पदरात येऊन पडला. तिने तो धुतला, पुसला, बरणीत टाकला.

"बावीस," ती म्हणाली आणि दारातून बाजूला झाली.

त्या दिवशी घरी जाऊन गुरुजींनी बायकोला सांगितलं, "अंगणवाडीत एक मास्तर आलाय."

पुढे मैना मदतनिसाची सेविका झाली. मैनाबाई झाली. तिच्या हाताखालून आलेलं पोर पहिलीच्या वर्गात गुरुजींना लगेच ओळखू यायचं. बाकीची पोरं 'एक ते शंभर म्हण' म्हटलं की डोळे मिटून आरती म्हणावी तशी म्हणायची आणि समोर सात पेन्सिली ठेवल्या की गप्प व्हायची. मैनाबाईंचं पोर आधी पेन्सिलींना हात लावायचं. एक इकडे, एक तिकडे, असं सरकवत मोजायचं. कधी नऊवरून दहावर जाताना अडखळायचं, पण हात चालूच असायचा. तिच्याकडे दोनशेच्या वर चिंचोके होते, घासून गुळगुळीत झालेले. पाच मुठीत धरून तीन दाखवायची आणि विचारायची, "माझ्याकडं किती लपलं?" पोरं तिची मूठ उघडायला धडपडायची. ती उघडू द्यायची नाही. आधी सांगा, मग उघडते.

गुरुजी निवृत्त झाले. शेतं गोदामांखाली गेली, ज्यांची गेली त्यांच्या घरांना मजले चढले आणि त्यांची नातवंडं पिवळ्या व्हॅनमध्ये बसून इंग्रजी शाळेत जाऊ लागली. त्यात गुरुजींची स्वतःची दोन नातवंडंही होती. अंगणवाडीत उरली ती माल उतरवणाऱ्यांची पोरं. वाडा, जव्हार, शहापूर, कुठून कुठून आलेली. आई-बाप एक हंगाम गोदामात, दुसरा हंगाम वीटभट्टीवर. हजेरीपटावर नावाची शाई वाळते न वाळते तोच पोर गेलेलं असायचं.

"सतरा वरसात एक पोर म्हना गुरुजी," मैनाबाई एकदा म्हणाली होती, "ह्या बाहेरच्यांतलं एक तरी पोर मी हितनं उचलून नीट पहिलीत बसवलं, असं झालं न्हाय. अर्धं शिकवते, अर्ध्यात जातं."

गुरुजी रोज अकराला पेपर घेऊन अंगणवाडीच्या ओट्यावर येऊन बसत. घरी सून, मुलगा, सगळे कामाला जात. पेपर निमित्त होतं.

दोन वर्षांपूर्वी मुंबईच्या एका संस्थेने पाच टॅब दिले. उन्नती नावाची पोरगी ते घेऊन आली, पाठीवर सॅक, तोंडभर हसू. तिने पोरांना गोलात बसवून खेळ दाखवला. पडद्यावर झाड, झाडावर आंबे. आंब्याला बोट लावलं की आंबा "एक" म्हणायचा आणि टोपलीत पडायचा. पुढच्याला बोट लावलं की तो "दोन" म्हणायचा. टोपली बरोबर भरली की घंटा वाजायची आणि पोराचं जनावर एक पायरी वर चढायचं. प्रत्येक पोराचं जनावर वेगळं. कुणाचं माकड, कुणाचा ससा, कुणाची खार. एकूण चाळीस पायऱ्या.

उन्नतीचं लक्ष मग खिडकीतल्या बरणीकडे गेलं.

"ताई, लहान वस्तू नका ठेवू हां मुलांच्या हाताशी. नाकात वगैरे घालतात."

मैनाबाईंनी ओट्यावर बसलेल्या गुरुजींकडे पाहिलं. दोघंही हसले.

"खरं हाय तुमचं," ती उन्नतीला म्हणाली. "टॅब काय नाकात जायचा न्हाय." आणि बरणी उचलून तिने माळ्यावर ठेवली, तांदळाच्या पोत्यांमागे.

खेळ चांगला होता, हे गुरुजी आजही नाकारत नाहीत. आल्यापासून तोंड न उघडलेली पोरं आंब्याबरोबर बोलायला लागली. वारलीत बोलणारी, हिंदीत बोलणारी, सगळी एका सुरात "चार, पाच, सहा". दंगा नाही, मारामारी नाही. मैनाबाईंनाच आधी जमेना. त्यांचा मुलगा प्रितेश भिवंडीत मोबाइलच्या दुकानात होता, त्याने घरी शिकवलं. "आई, दाबू नको गं जोरात. ती काय दाराची बेल हाय?" पंधरा दिवसांत त्यांचा हात बसला. पूर्वी एका वेळी चार पोरांना पुरणारी बाई आता वीस जणांना पुरायला लागली.

पण संस्थेचे दोन नियम होते. पोरांची नावं जुलैत एकदाच चढवायची, नंतर वर्षभर यादी बंद. आणि जे पोर सात दिवस खेळणार नाही त्याचं नाव लाल होणार. निम्म्याहून जास्त नावं लाल झाली तर टॅब दुसऱ्या अंगणवाडीला जाणार.

ऑगस्टमध्येच सहा पोरं गेली. सहा नावं लाल. त्यांच्या जागी पाच नवी आली, त्यांची नावं यादीत चढेनात. ही पाच भिंतीला टेकून बाकीच्यांचे आंबे बघत बसायची. मैनाबाईंनी दोन दिवस ते पाहिलं. तिसऱ्या दिवशी गुरुजींच्या कानावर आलं, "भाविका, ये बाय." भाविका नावाची पोर तर पंधरा दिवसांपूर्वी आई-बापांबरोबर वसईकडे गेली होती. गुरुजींनी पेपरावरून पाहिलं. भिंतीपासची नवी पोरगी उठली, टॅबपाशी जाऊन बसली.

"ही भाविका?" गुरुजींनी विचारलं.

"ही दिशा. भाविकाच्या नावावर बसवली." मैनाबाईंनी आवाज खाली आणला. "नाव मोकळंच पडलं हुतं ना, गुरुजी. त्या खारीला कोन खेळवनार?"

गुरुजी हसले. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. रिकाम्या पाटावर दुसऱ्याने बसावं, तसं वाटलं. पुढे तो विचार त्यांनी बऱ्याचदा उलटून पाहिला.

दिशा सहा वर्षांची होती. बाप दौलत गोदामात माल उतरवायचा, आई बायजाबाई तिथेच झाडलोट करायची. दिशाच्या कडेवर धाकटा भाऊ कायमचा. अंगणवाडीत ती त्याला चटईवर ठेवायची, एक पाय त्याच्या पोटावर हलकाच टाकायची म्हणजे तो रांगत जायचा नाही, आणि मग खेळायला घ्यायची. मैनाबाईंनी तिला भाविकाच्या नावावर बसवलं तेव्हा खार सातव्या पायरीवर होती. सातवी पायरी दिशाला जड होती. पहिले काही दिवस मैनाबाईंनी तिचं बोट धरून आंबे पाडले. मग एक दिवस दिशाने बोट सोडवून घेतलं. पितृपक्ष सरेपर्यंत खार एकविसाव्या पायरीवर आली. दसऱ्याला तिसाव्या.

"गुरुजी, हे पोर जातंय बघा वर," मैनाबाई म्हणाल्या. सतरा वर्षांत गुरुजींनी त्यांना असं अधीर कधी पाहिलं नव्हतं.

दसरा झाल्यावर दौलत सांगायला आला. गोदामातलं काम दिवाळीपर्यंतच. मग वाड्याकडे वीटभट्टीवर.

"दिशाला ठेवा की कुनाकडं," मैनाबाई म्हणाल्या. "सहा पुरी झालीत तिला. पहिलीत बसंल ती. हुशार हाय."

"कुनाकडं ठेवू? भट्टीवर बारकं पोर कोन बघल?" दौलत म्हणाला. त्याचा आवाज कधीच चढत नसे. मग तोच म्हणाला, "पडघ्याला आक्का हाय माझी. भाजी इकती. एकली हाय. पन ती सोपी न्हाय, बाई. मोठ्या भावाचा पोरगा ठेवलेला तिनं. तीन वरसं खाऊन-पिऊन पळाला. आता म्हनती, डोकं असलं तर ठेवीन, न्हायतर मला काय भांडी घासाला पोर नको."

"डोकं हाय. मी सांगते ना."

"तुमी सांगाल. आक्काला कागद लागतो."

कागद येणारच होता. चाळीस पायऱ्या पूर्ण करणाऱ्या पोराला संस्था शिक्का मारलेला कागद देत असे. त्या दिवसापासून मैनाबाईंनी दिशाला रोज दोन वेळा बसवलं. धाकट्याला स्वतःच्या मांडीवर घेतलं. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी खार चाळिसाव्या पायरीवर चढली. पडद्यावर सगळी जनावरं नाचली, फटाके उडाले. दिशाने वळून बाईंकडे पाहिलं. मैनाबाईंनी तोंडाला पदर लावला होता. ते चित्र त्यांनीही पहिल्यांदाच पाहिलं होतं.

दिवाळीनंतरच्या सोमवारी उन्नतीने कागद आणला, प्लॅस्टिकमध्ये घालून. निळी कड, कोपऱ्यात खार, मधोमध छापलेलं नाव. कुमारी भाविका.

मैनाबाईंनी तो कागद हातात घेतला तेव्हा गुरुजी ओट्यावर होते. त्यांना दिसलं, तिचा हात खाली गेला. दोन महिने या नावाने तिनेच हाक मारली होती, तरी कागदावर तेच नाव येणार हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. गुरुजींच्याही आलं नव्हतं.

"उन्नतीताई, हे नाव बदलून मिळंल का?" मैनाबाईंनी विचारलं आणि सगळं सांगून टाकलं.

उन्नतीच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे बदलले. ती दारापाशी आली, इकडेतिकडे पाहून हळू म्हणाली, "ताई, सिस्टीममध्ये नाही होत आता. आणि प्लीज, हे लेखी कुठे देऊ नका. तुमचंच केंद्र जाईल. किती मुलं अशी?"

"पाच."

"मी ऐकलंच नाही असं समजा," ती म्हणाली आणि पुढच्या अंगणवाडीला निघून गेली.

संध्याकाळी मैनाबाई गुरुजींच्या घरी आल्या. सून आत होती म्हणून अंगणातच उभ्या राहिल्या.

"दौलतला वाचता येत न्हाय," त्या म्हणाल्या. "आक्कालाबी येत न्हाय. शिक्का हाय, खार हाय. पोर तीच हाय, गुरुजी. नाव तेवढं…"

गुरुजी म्हणाले, "बघ बाई. तुझं तुला कळतं." नको असंही म्हणाले नाहीत, दे असंही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मैनाबाईंनी कागद दौलतला दिला. दौलतने तो दोन्ही हातांनी घेतला. बायजाबाईने कपाळाला लावला. मैनाबाईंनी सांगितलं, पडघ्याला उद्याच जा. पण दौलतने आधी आक्काला फोन लावला, आणि आक्का आयुष्यभर बाजारात बसलेली बाई होती. ती म्हणाली, कागद काय मला कळायचा न्हाय, तिथं कुनी मास्तर असंल तर त्याच्याकडनं वाचून घे, काय लिवलंय ते मला सांग.

त्यामुळे बुधवारी सकाळी दौलत गुरुजींच्या अंगणात उभा राहिला. फोन चालूच होता, स्पीकरवर लावून हातात धरलेला. आक्का पलीकडून ऐकत होती.

"गुरजी, येवढं वाचा."

गुरुजींनी चष्मा लावला. सगळं ठाऊक असूनही कागद पहिल्यांदा पाहावा तसा पाहिला. बत्तीस वर्षं त्यांनी हजेरी घेतली होती. एका पोराचं नाव दुसऱ्याला लागू दिलं नव्हतं. आडनावं सारखी असली की बापाचं नाव लावायचे, बापाचंही सारखं असलं की आजाचं. त्यांची जीभच त्या वळणाची होती. 'दिशा' म्हणायला काय लागलं असतं, दोन अक्षरं, हे त्यांना कळेपर्यंत ते वाचून बसले होते.

"कुमारी भाविका."

"फुडं?" दौलतने विचारलं.

"हिने चाळीस पायऱ्या पूर्ण केल्या, असं आहे."

"भाविका कोन?"

फोनमधून आक्काचा आवाज आला, "कोन रे? दुसऱ्याच्या पोरीचा कागद हाय व्हय?"

गुरुजींनी घाईघाईने सगळं समजावलं. यादी, जुलै, लाल नावं, खार. बोलता बोलता त्यांच्याच लक्षात आलं की हे सगळं एखाद्या लबाडासारखं ऐकू येतंय. दौलतने कागदाची घडी करायचा प्रयत्न केला. प्लॅस्टिक दुमडेना. त्याने तो तसाच काखेत धरला.

"चला बाईंकडं," तो म्हणाला.

अंगणवाडीत मैनाबाईंनी दोघांना येताना पाहिलं आणि त्यांना कळलं. त्यांनी गुरुजींना एका शब्दाने विचारलं नाही. फक्त दौलतला म्हणाल्या, "कागदावर नाव चुकलंय. माझी चूक हाय. पन पोरीला येतंय, दौलत. तुझ्यापुढं मोजायला लावते. फोन चालू ठेव, आक्काला ऐकू दे."

टॅब उपयोगाचा नव्हता, खार चाळिसाव्या पायरीवर पोचल्यावर तो खेळ बंद झाला होता. मैनाबाई स्टुलावर चढल्या. तांदळाच्या पोत्यांमागून बरणी काढली. वर धूळ होती, ती पदराने पुसली. चटईवर पंधरा चिंचोके ओतले आणि दिशाला पुढे बसवलं.

"मोज बाय. किती हायेत सांग तुझ्या बापाला."

दिशाने चिंचोक्यांकडे पाहिलं. बापाकडे पाहिलं. मग उजव्या हाताचं पहिलं बोट पुढे केलं आणि पहिल्या चिंचोक्यावर टेकवलं.

आणि थांबली.

"बोल ना गं. एक…"

दिशाने बोट उचललं, परत टेकवलं. थोडं जोरात. मग चिंचोक्यावर वाकून पाहिलं. ती वाट बघत होती. गुरुजींना ते एका क्षणात समजलं. आंबा आधी बोलायचा, मग ती बोलायची. चिंचोका बोलत नव्हता. तिने दुसऱ्यावर बोट ठेवून पाहिलं. तोही बोलला नाही. तिने बोट मागे घेतलं आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली, काहीतरी मोडलं की पोरं बसतात तशी.

"दिशा, एक, दोन…" मैनाबाई पुढे वाकल्या. "सरकव की त्याला. असा. हातात घे."

हे त्यांनी दिशाला कधी शिकवलंच नव्हतं. दिशा आली तेव्हा बरणी माळ्यावर होती.

फोनमध्ये आक्का म्हणाली, "काय झालं? बोलंना का?"

दौलतने फोन बंद केला. तो चिडला असता तर गुरुजींना बरं वाटलं असतं. त्याने दिशाला उठवलं, तिचा झगा झटकला. "राहू द्या बाई," तो म्हणाला. "लाजतंय पोर. तुमी लई केलं तिचं." आणि कागद ओट्याच्या कडेला अलगद ठेवून तो गेला.

मैनाबाईंनी हार मानली नाही. भट्टीवर जायला चार दिवस होते. त्या चार दिवसांत त्यांनी टॅबना हात लावला नाही. दिशाला समोर बसवून चिंचोके सरकवायला लावले. पहिल्या दिवशी दिशा प्रत्येक चिंचोक्यापाशी थांबायची. दुसऱ्या दिवशी स्वतःच "एक" म्हणाली आणि दचकली. तिसऱ्या दिवशी अकरापर्यंत गेली. शनिवारी दुपारी गुरुजी ओट्यावर असताना आतून तिचा आवाज यायला लागला आणि थांबलाच नाही. गुरुजी पेपर ठेवून दारात आले. दिशा एकेक चिंचोका या ढिगातून त्या ढिगात टाकत होती. छत्तीसला थोडी अडली, मैनाबाई काही बोलल्या नाहीत, ती पुढे गेली. त्रेसष्टला ढीग संपला.

"त्रेसष्ट," दिशा म्हणाली आणि मैनाबाईंची मूठ उघडायला लागली. "तुमी लपवलं असंल अजून."

गुरुजी चप्पल घालून थेट दौलत राहत होता त्या चाळीत गेले. ज्या जिभेने घालवलं होतं तिनेच परत मिळवावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. दौलत सामानाच्या गाठोड्यांना दोर बांधत होता.

"दौलत, मोजते रे ती. मी ऐकलं. माझ्या कानांनी. आक्काला सांग, मी येतो पडघ्याला, मी बोलतो."

दौलतने गाठ आवळली. "आक्कानं बहिनीच्या पोरीला आनलं, गुरजी. कालच." मग बायजाबाईकडे बघून तो म्हणाला, "मोजाया येतंय, चांगलं हाय. भट्टीवर इटा मोजाया कोनतरी लागतंच."

हे तो मनापासून, चांगल्या भावनेने म्हणाला होता. गुरुजी उंबऱ्यावर बसले. बायजाबाईने त्यांना पाणी दिलं.

रविवारी टेम्पो आला. मैनाबाई गेल्या नाहीत. गुरुजी गेले. दिशा गाठोड्यांवर बसली होती, मांडीवर भाऊ. गुरुजींनी तिला बिस्किटाचा पुडा दिला. टेम्पो वाड्याच्या रस्त्याला लागला.

त्या आठवड्यात मैनाबाईंनी संस्थेला पत्र लिहिलं. पाचही पोरांची खरी नावं, ती कुणाच्या नावावर बसली ती नावं, कधीपासून, सगळं. पाठवण्याआधी गुरुजींना दाखवलं. गुरुजींनी दोन ठिकाणी वेलांटी दुरुस्त केली आणि म्हणाले, "हे पाठवलं नाहीस तरी चालेल, मैना. आता त्याने काय होणार?"

"दिशा कुठंतरी लिवलेली असावी," ती म्हणाली. "भाविका म्हटलं की उठायची ती, गुरुजी. भट्टीवर तिला तिच्या नावानं हाक मारली तर ती उठंल ना, येवढाच घोर लागलाय मला."

पत्राचं उत्तर महिन्याने आलं. बंद यादीत नाव घालता येत नाही, असं त्यात होतं. आणि केंद्राची सगळी माहिती बाद केली आहे. टॅब कुणीतरी येऊन घेऊन गेलं. मैनाबाईंच्या पत्राची एक प्रत पुढे अंगणवाड्यांच्या अधिकाऱ्यांकडे गेली होती. चौकशी झाली, दोन माणसं येऊन हजेरीपट बघून गेली. खोट्या नोंदी केल्या, या कारणावरून मार्चमध्ये मैनाबाईंना कामावरून कमी केलं. चौकशीत गुरुजींनी सांगायचा प्रयत्न केला की बाईंनी स्वतःच्या फायद्यासाठी काही केलं नाही. लिहून घेणाऱ्याने विचारलं, "तुम्हाला आधीपासून माहीत होतं?" गुरुजी हो म्हणाले. त्यांचं ते वाक्य लिहून घेतलं गेलं, आधीची वाक्यं लिहून घेतली गेली नाहीत.

उन्हाळ्यात गुरुजी मुलाच्या मागे लागून त्याच्या गाडीने वाड्याकडे गेले. तीन भट्ट्या पाहिल्या. तिसऱ्या भट्टीवरच्या मुकादमाने सांगितलं, दौलत होता, पंधरा दिवसांपूर्वी गेला, कुठे ते माहीत नाही. पोरगी होती का बरोबर, असं गुरुजींनी विचारलं. मुकादम म्हणाला, पोरं तर सगळ्यांबरोबरच असतात. घरी आल्यावर हे त्यांनी मैनाला सांगितलं नाही.

अंगणवाडीत आता नवी सेविका आहे, वयाने लहान, गोड स्वभावाची. पोरं आठच आहेत. गुरुजी अकराला पेपर घेऊन तिथे जात नाहीत, घरीच वाचतात.

मैनाबाई पूर्णा गावाकडच्या एका गोदामात सकाळी आठच्या शिफ्टला जातात. खोक्यांवर चिकटपट्टी लावायचं काम आहे. जेवणाची सुट्टी अर्धा तास असते. डबा त्या घरून नेतात.